पाय कोणत्या युनिटचे?

पेशंट रुग्णालयात येताना आपले सगळे अवयव एकदमच घेऊन येतात, ही गोष्ट प्रशासनाच्या ध्यानात यायला फार उशीर झाला. तोवर अतिदक्षता विभागात नुसता गोंधळ चालला होता. एकच सिस्टर एकाच माणसाच्या हृदयाचे ठोके बघायची, त्याची लघवीही मोजायची, आणि कूस बदलून देताना ‘काका, झोप लागली का थोडी?’ असंही विचारायची. यात शिस्त म्हणून नव्हती. पेशंट बरा होऊन घरी गेला तर त्याचं श्रेय कोणत्या खात्यात टाकायचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तेव्हा एक समिती नेमण्यात आली. समितीच्या अध्यक्षांनी याआधी एका मोठ्या गोदामाची यशस्वी पुनर्रचना केली होती आणि तिथल्या एकाही पोत्याने तक्रार केली नव्हती.

समितीने अतिदक्षता विभागाचे पाच तुकडे केले: हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू आणि नवजात. मग सिस्टरांसाठी दोन पदं निर्माण केली. पहिलं पद ‘एकावयवी परिचारिका’. तिने एक अवयव निवडायचा आणि निवृत्तीपर्यंत त्याच्याशीच संसार करायचा. दुसरं पद ‘सर्वसंचारी परिचारिका’. तिने पाचही युनिटांत फिरत राहायचं आणि एखाद्या ठिकाणी हात बसू लागला की ते ठिकाण सोडायचं. निवड शनिवारपर्यंत करायची होती आणि एकदा केलेली निवड बदलता येणार नव्हती. जी निवड करणार नाही ती ‘अनिर्णित’ समजली जाईल आणि सोमवारपासून कपडेखात्यात चादरी मोजायला बसेल, असं परिपत्रकाच्या शेवटी म्हटलं होतं. सगळ्या परिपत्रकातलं तेवढं एकच वाक्य सर्वांना पहिल्या वाचनात समजलं.

मधली तिथे सिस्टर होती. मधली हे नाव तिला सासरी पडलं, कारण तीन सुनांत ती दुसरी. थोरली आणि धाकटी आपापले नवरे घेऊन कधीच परगावी गेल्या, ही सासू-सासऱ्यांजवळ राहिली; पुढचं-मागचं कुणी उरलं नाही तरी नाव मधलीच राहिलं. कामात ती चोख होती. ढकलगाडीवरून आलेला माणूस आपल्या पायांनी चालत दाराबाहेर जाताना बघणं, हे तिचं एकच व्यसन होतं. त्याच्या अवयवांपैकी आपण नेमका कोणता वाचवला, असा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. आता मात्र तो करणं भाग होतं. चादरी मोजायची कल्पनाही तिला सहन होत नव्हती, आणि एकाच अवयवाकडे जन्मभर बघत बसायची कल्पनाही फारशी गोड वाटत नव्हती.

ती आधी हृदयबाईंकडे गेली. या बाई समितीच्याही आधीपासून हृदयाच्या खोलीत होत्या. तिथून त्यांना कुणी हलवलं नव्हतं आणि त्याही हलल्या नव्हत्या.

“डोळे मिटून हृदय घे,” बाई म्हणाल्या. “असा अवयव दुसरा नाही. मॉनिटरकडे पाठ करून उभी राहते मी, आणि नुसत्या आवाजावरून सांगते कुणाचं काय बिनसलंय.”

“आणि पेशंट?”

“कोण पेशंट?”

बाईंचा हात खरोखर सोन्याचा होता, यात वाद नाही. फक्त त्यांना रेषा ओळखू येत, चेहरे ओळखू येत नसत. मागे भाजीबाजारात एका गृहस्थाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “बाई, ओळखलंत का? तुम्ही माझा जीव वाचवलात.” बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “शर्ट काढा, म्हणजे सांगते.”

मग मधली भिरभिरीकडे गेली. ज्या वॉर्डात माणूस कमी, तिथे पाठवायची सिस्टर म्हणजे भिरभिरी. पडेल ते काम ती तोंड वाकडं न करता करायची. तिला गाठायचं तर तिच्याबरोबर चालावं लागे, म्हणून ही मुलाखत जिन्यावर झाली.

“मला सगळं येतं गं,” भिरभिरी म्हणाली, “फक्त सापडत नाही. हृदयवाल्यांकडे दुसऱ्या खणात हातमोजे, किडनीवाल्यांकडे दुसऱ्या खणात सुया, आणि मेंदूवाल्यांकडे दुसऱ्या खणात इनचार्जबाईंचा डबा. घरी चमच्यासाठी खण ओढते ना, तेव्हासुद्धा क्षणभर थांबते, की आज मी आहे कुठे?”

“पण शिकायला तर मिळतं ना?”

“मिळतं की. पण जन्म गेला तरी जाईन तिथे मला ‘ती नवीन’ म्हणतात. नवीनला सगळ्यात कटकटीचा पेशंट द्यायचा आणि चहाला जाताना हाक मारायची नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, मी तर पाच घरची.” एवढं बोलून ती वळणावरून दिसेनाशी झाली.

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मधलीने मनुष्यबळ विभागाच्या साहेबांची भेट मागितली. साहेब शांत स्वभावाचे होते. आयुष्यात त्यांनी कुणालाही इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या हातून कधी चूक झाली नव्हती.

“साहेब, एखाद्या पेशंटचे दोन अवयव एकदम बिघडले तर?”

“तसं होऊ नये अशी अपेक्षा आहे.”

“पण झालंच तर?”

“तर पेशंटने आपला प्रधान अवयव निवडावा. निवड एकदाच करता येईल.”

“आणि तो बेशुद्ध असला तर?”

“तर तो अनिर्णित.”

“मग त्यालाही चादरी मोजायला बसवायचं का?”

साहेबांनी मान डोलावली. “सूचना विचारार्ह आहे. समितीपुढे ठेवतो.” मग त्यांनी मधलीला ‘अवयव-अभिमुखता शिबिरा’ला पाठवून दिलं. तिथे भिंतीवर माणसाचं मोठं चित्र होतं आणि प्रत्येक युनिटला वेगळा रंग दिला होता. शिबिरात दिवसभर एकच प्रश्न विचारत: हे कुणाचं? फुप्फुस? निळं. हृदय? लाल. ज्या भागांना रंग नव्हता त्यांच्याबद्दल विचारायचं नव्हतं. तीन दिवस हे चाललं आणि मधलीला तोंडपाठ झालं.

गुरुवारी संध्याकाळी घरात बैठक बसली. मधलीने कोणती नोकरी घ्यावी, हा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता.

“मी सांगते ना, हृदयच घे,” छातीवर हात ठेवून सासूबाई म्हणाल्या. “मला माझ्यासाठी नकोय काही. पण ही धडधड होते ती होतेच. उद्या तिथे जायची वेळ आली तर आपलं माणूस नको का?”

“धडधड काय, कुणालाही होते,” काका म्हणाले. हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. ते खोकत, मग थोडं थांबत, आणि त्या मधल्या वेळात सिगारेट ओढत. “फुप्फुस घे, सूनबाई. काळाची गरज आहे ती.”

नवऱ्याला वर्षापूर्वी मुतखडा झाला होता, आणि तेव्हापासून या विषयावरचा आपला अधिकार तो सोडायला तयार नव्हता. “किडनीला पर्याय नाही. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं.” तेवढ्यात नणंदेचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते, आणि वहिनीने दुसऱ्या कुठल्या युनिटचा विचार करावा याचंच तिला वाईट वाटलं होतं.

“मेंदूचं नाव कुणीच काढत नाही,” नवरा म्हणाला.

“आपल्या घरात तो धोका नाही,” सासूबाई म्हणाल्या, आणि यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

“मग सर्वसंचारीच घे की,” काकांनी तोड काढली. “सगळ्यांचीच सोय.”

“म्हणजे? मला त्रास होईल तेव्हा ही नेमकी तुमच्या फुप्फुसात असायची!” सासूबाई कडाडल्या.

सासरे या सगळ्यात नव्हते. ते दारापाशी स्टुलावर बसून पायात चपला घालायची खटपट करत होते. या घरात मधलीला मनापासून आवडणारं माणूस कोण, तर सासरे. ती ड्यूटीवरून कोणत्याही वेळी येवो, ते एवढंच विचारायचे, “जेवलीस का?” लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हा एकच प्रश्न होता, आणि दिवसभरात तिला विचारलेल्या प्रश्नांत तिच्याबद्दलचा असा तेवढाच असायचा.

“माझ्या चपला आखूड झाल्यात,” सासरे म्हणाले.

“चपला कधी आखूड होतात का? कुठूनतरी बदलून आणल्या असतील,” सासूबाई म्हणाल्या.

“माझ्याच आहेत गं. जुन्याच आहेत.”

“दुकानदार फसवतात हल्ली,” काका म्हणाले, आणि बैठक पुन्हा मूळ विषयाकडे वळली.

मधलीने मात्र वळून पाहिलं. पायावर पट्ट्याचा वळ उठला होता. एरवी ती चटकन खाली बसली असती आणि अंगठ्याने दाबून बघितलं असतं. पण डोक्यात शिबिर घुमत होतं. पाय? पाय कोणत्या युनिटचे? हृदयाचे नाहीत, मेंदूचे नाहीत, नवजात तर नाहीतच. चित्रात पायांना रंगच नव्हता. म्हणजे हे काही विशेष नसावं.

“उद्या बघते हं बाबा,” ती म्हणाली.

“बघ गं सवडीने. घाई नाही.”

शुक्रवारी भर दुपारी नवरा त्यांना घेऊन रुग्णालयात आला. सासऱ्यांना श्वास पुरत नव्हता. आडवं निजवलं की जीव घाबरा होत होता आणि शब्द तोंडात अर्धे राहत होते. त्यांची ढकलगाडी अतिदक्षता विभागाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये आली, आणि तिथे घोडं अडलं.

“छातीत पाणी झालंय,” हृदयबाई आपल्या दारातून नुसत्या श्वासाच्या आवाजावरून म्हणाल्या. निदान बिनचूक होतं. “म्हणजे फुप्फुस. पलीकडच्या दारात न्या.”

“पाणी आमचं नाही,” फुप्फुसवाली सिस्टर म्हणाली. “आम्ही हवा बघतो. पाणी बाहेर टाकणं हे किडनीचं काम.”

“किडनी करेल हो,” किडनीवाली म्हणाली, “पण हृदयाने रक्त नीट पाठवायला नको का? आधी हृदय.”

तिघींचंही म्हणणं अक्षरशः खरं होतं. तिघींचे चेहरे रडवेले झाले होते. हृदयबाई तर उंबरठ्यावर पाय घासत होत्या. “माझा जीव तुटतोय गं,” त्या मधलीला म्हणाल्या, “पण प्रधान अवयव ठरल्याशिवाय मला हा उंबरठा ओलांडता येत नाही.” भिरभिरी तेवढी पळत आली. तिने गाडीचा डोक्याकडचा भाग वर उचलायला घेतला, तोच भिंतीवरच्या भोंग्यातून आवाज आला: सर्वसंचारी परिचारिकांच्या परिभ्रमणाची वेळ झाली आहे. भिरभिरीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तशीच ती नवजात युनिटकडे निघून गेली.

ड्यूटीवरचे डॉक्टर साहेबांना फोन लावत होते. साहेब जेवायला गेले होते.

मधलीने कॉरिडॉरभर नजर टाकली. पाच दारं आणि प्रत्येक दारात नियम उभा. बाकीच्यांनी निवड करून टाकली होती, तिने अजून काहीच निवडलं नव्हतं. ती अनिर्णित होती. एकावयवीने काय करू नये ते परिपत्रकात लिहिलं होतं, सर्वसंचारीने काय करू नये तेही लिहिलं होतं. अनिर्णित बाईने काय करू नये, हे लिहायला समिती विसरली होती.

“डॉक्टर, फोन ठेवा,” ती म्हणाली. “इकडे या. माणूस इथे आहे.”

तिने सासऱ्यांना उठवून बसवलं, पाय खाली सोडले, पाठीशी उशी लावली. कोपऱ्यात तातडीच्या सामानाची गाडी धूळ खात पडली होती. तिच्यात सगळ्याच अवयवांचं सामान होतं, म्हणून तिला कोणत्याच युनिटने घेतलं नव्हतं. त्या गाडीतून ऑक्सिजन निघाला, सुई निघाली, इंजेक्शन निघालं. डॉक्टरांनी माप सांगितलं, मधलीने ते शिरेतून दिलं, नळी घातली. आणि मग ती नळीच्या टोकाच्या पिशवीकडे बघत उभी राहिली. पिशवी भरू लागली. कुणाच्या लघवीने कुणाला इतका आनंद झाल्याचं त्या इमारतीत तरी कुणी पाहिलं नव्हतं.

हळूहळू श्वास खाली बसला. सासऱ्यांनी डोळे उघडले आणि तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

“काय होतंय, बाबा?”

“जेवलीस का?”

तेव्हा मधलीला रडू कोसळलं. ती त्यांच्या पायांशी गेली आणि अंगठ्याने पाय दाबून पाहिला. खड्डा पडला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला. काल दाबला असता तर पायांत पाणी उतरलंय हे कालच कळलं असतं. रंग नसलेल्या त्या दोन पायांनी कधीचं सांगायला सुरुवात केली होती, आणि ऐकायला शिकलेली बाई घरातच होती. याची तिला इतकी लाज वाटली, की रडणं थांबवायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

शनिवारी साहेबांनी तिला बोलावलं. “मुदत संपतेय. कोणता अवयव?”

“मला माणूस द्या, साहेब. अख्खा.”

साहेबांनी समोरचे कागद चाळले. “अख्खा माणूस ही सेवा सध्या उपलब्ध नाही.”

पण सोमवारी तिला चादरी मोजायला जावं लागलं नाही, कारण तोवर प्रशासनापुढे वेगळाच पेच उभा राहिला होता. कोणतंच युनिट घेईना म्हणून सासरे कॉरिडॉरमध्येच राहिले होते, आणि मधलीच्या हाताखाली तिथेच बरे झाले होते. श्रेय कोणत्या खात्यात टाकायचं? समिती येऊन पाहणी करून गेली. पेशंट हृदयात नव्हता, फुप्फुसात नव्हता, मूत्रपिंडात नव्हता; तो कॉरिडॉरमध्ये होता. तेव्हा त्याला कॉरिडॉरने बरं केलं, हा निष्कर्ष सरळच होता. तिथल्या हवेचे नमुने घेण्यात आले. भिंतीच्या रंगाची चौकशी झाली. अध्यक्षांनी गोदामातही मधल्या वाटेवरची पोती जास्त टिकत असल्याची आठवण सांगितली.

‘अतिदक्षता मार्गिका’ स्थापन झाली. मधलीला तिथेच ठेवलं. दोन-दोन अवयव बिघडलेले अवघड पेशंट पाचही दारांतून बाहेर येऊ लागले. हृदयबाई उंबरठ्यावर उभ्या राहून आवाजावरून सल्ला देऊ लागल्या. भिरभिरी येता-जाता अंमळ थांबू लागली. कॉरिडॉरमध्ये खण नव्हतेच, सगळं सामान डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे तिला पहिल्यांदाच सगळं सापडलं. माणसं चालत घरी जाऊ लागली. सासरेही घरी गेले, आणि जाताना त्यांच्या जुन्या चपला त्यांना व्यवस्थित बसल्या.

काही दिवस बरे गेले. मग समितीच्या असं लक्षात आलं, की मार्गिकेत पेशंट आपले सगळे अवयव एकदमच घेऊन पडून असतात. यात शिस्त नव्हती. समितीने कॉरिडॉरच्या जमिनीवर पाच रंगांचे पट्टे मारून घेतले. आणि नवं परिपत्रक निघालं: मार्गिकेतील परिचारिकांनी ‘एकपट्टी’ की ‘सर्वपट्टी’ याची निवड शनिवारपर्यंत करावी.

त्या संध्याकाळी घरात पुन्हा बैठक बसली.

“लाल पट्टा लिफ्टजवळ आहे ना? तोच घे,” सासूबाई म्हणाल्या. “मला चालायला नको.”

काकांनी खोकून निळ्याचा आग्रह धरला. नवऱ्याने कमरेवर हात ठेवला. नणंदेने बाळाला फोनवर रडायला लावलं.

“तिला स्वतःला काय हवंय, ते विचारलंय का कुणी?” दारापाशी स्टुलावर बसलेले सासरे म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“तुमच्या चपला बसतात ना आता?” सासूबाई म्हणाल्या. “मग झालं तर.” आणि बैठक पुढे सुरू झाली.

आता घरच्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण गोष्ट इथवर वाचताना तुम्हीही मधलीसाठी मनातल्या मनात एक युनिट ठरवून टाकलं असेलच. कोणतं, ते सांगू नका. तुमचा हात कुठे गेलाय ते दिसतंय. असू दे, हात तिथेच असू दे. फक्त दुसऱ्या हाताने जरा दार उघडा, आणि बघा, तुमच्या घरात कुणाच्या चपला आखूड झाल्यात.